गॅसचा बंब

९ मे १९७६
सांगलीहून सकाळची एसटी, वाईला गाडी बदलली आणि चारच्या सुमारास महाबळेश्वर. सुभेदार हंबीरराव स्वतः स्टँडवर आले होते. माझी ट्रंक त्यांनीच उचलली. कऱ्हाडकडे त्यांचा ऊस आहे, पण पत्नी गेल्यावर, दोन महिन्यांपासून ते मुलीला घेऊन इथेच राहतात. अंजना नऊ वर्षांची. पोलिओने दोन्ही पाय लुळे. कोमट पाण्यात व्यायाम केला तर धरून उभी राहील, असं डॉक्टर म्हणतात. त्यासाठी मागच्या खोलीत फरशीचा हौद बांधलाय, आणि व्यायाम करून घ्यायला मी. दवाखान्यात अठरा वर्षं काढली. स्वतःची खिडकी असलेली खोली मिळाली ती आज.
अंजनाचा पहिला प्रश्न, "बाई, तुमी मारता का?" मी म्हटलं, फक्त डासांना. ती इतकी हसली की उचकी लागली.

१२ मे
पुण्याचा कारागीर हौदाचं पाणी तापवायचा गॅस हीटर हौदाच्याच खोलीत, भिंतीवर बसवून गेला. बंगला सांभाळणारा धुळा त्याला गॅसचा बंब म्हणतो, म्हणून आता सगळेच तसं म्हणतात. कारागिराने तो माझ्याकडून तीनदा पेटवून घेतला. आधी पाणी फिरू द्यायचं, मगच काडी. सिलिंडर बाहेर, आडोशाला. सांध्यांना रोज साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा आला तर गॅस गळतोय. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की लगेच बंद. भिंतीतला खालचा झरोका बंबाला हवा मिळावी म्हणून, वरचं धुराडं जळलेली हवा बाहेर जावी म्हणून. दोन्ही कधीच झाकायची नाहीत.
धुळा कौतुकाने बघत होता. साठी ओलांडलेला माणूस, जन्मभर लाकडाचे बंब फुंकलेला. म्हणाला, "आवं सिस्टर, धूर न्हाई, डोळ्यांत पाणी न्हाई. लय गुणाचा बंब!"

२२ मे
आज उजवा पाय स्वतःहून हलला. पाण्यात, बोटभरच. सुभेदार दारात होते. पाठ फिरवून उभे राहिले आणि मग उगाचच धुळावर ओरडले.
व्यायाम झाला की अंजना अर्धा तास पाण्यात बसते आणि मी शेजारी स्टुलावर ही वही लिहिते. माझं नाव लिवलं का, असं रोज विचारते. लिहिलं, अंजना.

१ जून
इथली घरं पावसाळ्याआधी गवताच्या ताट्यांनी छपरापर्यंत झाकतात, नाहीतर भिंती चार महिने ओल धरतात. आज आमचा बंगला झाकला. धुराड्यापाशी आल्यावर धुळाने शिडीवरून विचारलं, ह्याचं काय करू? पाणी शिरून बंब बिघडंल, असंही तोच म्हणाला. मी थोडी घुटमळले. पण धूर तर कधीच दिसला नव्हता. म्हटलं, झाका.
झरोक्यातून गार वारा येतो, अंजना कुडकुडते. त्यात मीच गोणपाट कोंबलं. मग फेस लावून पाहिला. बुडबुडा नाही.

८ जून
दिवसाही दिवा लागतो. पत्र्यावर पाऊस इतका की शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही. माझं डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. अंजनाचे गाल मात्र लालबुंद झालेत. सुभेदार खूश आहेत, हवा मानवली म्हणतात. अर्ध्याचा एक तास करा म्हणाले. केला.

१३ जून
सिलिंडर संपला. दोन दिवस हौद बंद. डोकं हलकं. अंजनाने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि धुळाच्या चालण्याची नक्कल केली, हातांवर.
मला काहीतरी समजतंय असं वाटतं. काय ते सापडत नाही.

१५ जून
नवा सिलिंडर आला. अंजनाला ओकारी झाली. म्हणाली, "बाई, भित हालतीया." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तापमापक पाहिला, लिहिलं, पुन्हा पाहिला.
ज्योत पिवळी आहे. समईसारखी. बघत बसले. पिवळी असली की काहीतरी करायचं असतं. फेस लावला. बुडबुडा नाही.
सुभेदारांना सांगितलं की आम्हा दोघींना बरं नाही. ते म्हणाले, लडाखला निम्मी पलटण अशीच सुस्तावायची, उंचीवर नव्या माणसाला होतंच.

१८ जून
बंबावरची भिंत काळी झालीय. हात लावला. बोटं काळी.
भीती वाटायला हवी. वाटत नाही. कुणीतरी दूर, दुसऱ्या घरात, घाबरलंय—
अंजना पाण्यात जायला नको म्हणाली. रडली. तरी नेली. मीच.

१९ जून
पाणी तापवायला तासभर आधीच येऊन बसले. मग सुभेदारांनी तिला हौदात सोडलं, गेले. वाऱ्याने दार आपटत होतं. आतून कडी लावली.

पिवळी. धूर नाही म्हणजे विष नाही, असं कुणी सांगितलं होतं मला? वरून झाकलं. खालून कोंबलं. मीच दोन्ही—

उठायचंय. बंबाची कळ चार हातांवर. पाय उठत नाहीत. माझे. हात तेवढा लिहितो.

हाक मारली. वर पाऊस.

अंजनाला म्हटलं बाहेर हो, दार उघड. म्हणाली, "तुमी उठा की बाई." म्हटलं, मला येत नाही गं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं. मग हौदाच्या पायरीवर कोपर टेकलं—

सरपटत गेली. दारापाशी. बसून हात पोचत नाही—

चौकटीला धरून— गुडघा— पडली.

पुन्हा.

अंजना. उजवा आधी. उजवा—

उभी आहे. सुभेदार, उभी आहे ती, बघा— कडीला अजून वीतभर—