अनुत्तम गाडीची निरवानिरव

सर्वप्रथम एक तक्रार. मृत्युपत्रात केलेल्या तक्रारीला उलट उत्तर देण्याची कुणाची सोय नसते, म्हणून ती इथेच नोंदवतो.

वकीलबाईंनी दिलेल्या छापील नमुन्यात मालमत्तेचे दोनच रकाने आहेत, स्थावर आणि जंगम. माझी गाडी गेली चार वर्षं गॅरेजात चार लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवली आहे. ती तसूभरही हललेली नाही. एवढ्या काळात घराची मागची भिंत दोन बोटं खचली, म्हणजे हिशेबाने घरच गाडीपेक्षा जास्त चाललं. तरी बाई म्हणतात, "सर, कायद्यात गाडी जंगमच." मी म्हटलं, "बाई, जंगम शब्द गम् धातूपासून आला. गम् म्हणजे जाणे. जी जातच नाही ती जंगम कशी?" त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "मग रकान्याबाहेर लिहा. पण आज पुरं करा."

तेव्हा रकान्याबाहेर लिहीत आहे.

मी, वय वर्षे साठ, सत्तावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून कुणाचंही फारसं नुकसान न केलेला माणूस, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता (सौभाग्यवती शेजारच्या खोलीत आहेत आणि मधलं दार उघडं आहे, याची नोंद घ्यावी) माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं असं लिहून ठेवतो. कारण इतकंच, की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. झडप नीट मिटत नाही, म्हणून पुढे गेलेला दाब मागे परततो. मी म्हटलं, "म्हणजे कॉम्प्रेशन धरत नाही." मी घाबरून बरळतोय असं वाटून त्यांनी पाणी मागवलं. वैद्य तिथे असता तर एका शब्दात समजला असता.

वैद्य म्हणजे माझा मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय दुखतंय ते सांगायचं, ही त्याची पद्धत. म्हणून हे नाव मी ठेवलं. त्याच्याविषयी पुढे येईलच.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव सौभाग्यवतींची. यात दान असं काही नाही. दोन्ही त्यांच्याचमुळे शिल्लक राहिली. माझ्या हातात असतं तर घराच्या जागी आज मोठा टर्बो असता.

कलम २. पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. मोठा शब्दकोश मात्र कन्येला. लहानपणी तिने त्यात माझ्या एका विद्यार्थ्याची चिठ्ठी लपवली होती. ती मी वाचली होती. व्याकरणाच्या नऊ चुका होत्या, म्हणून काळजीचं कारण वाटलं नाही.

कलम ३. गाडीच्या मागचा पंख. हा अॅल्युमिनियमचा असून चार हात लांब आहे. वेगात गाडी जमिनीला दाबून धरावी यासाठी तो असतो. प्रत्यक्षात सौभाग्यवती त्यावर पंचे वाळत घालतात. मी पहिल्यांदा हरकत घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, गाडी उभीच आहे. तो दाबून कुणाला धरणार?" पंचे वाळत घालण्याचा तहहयात हक्क त्यांचाच राहील. गाडी रस्त्यावर आली तर पंचे आधी काढावेत.

कलम ४. गाडीचा मूळ सायलेन्सर माझ्या मेहुण्याला. आम्ही तो काढून मोठ्या आवाजाचा बसवला, पण मूळचा कागदात गुंडाळून जपून ठेवला आहे. गाडी घेतली त्या दिवसापासून मेहुण्याने घरी येऊन, फोन करून, आणि एकदा माझ्याच निरोप समारंभात माइकवरून सांगितलं, "दाजी, चार दारांची घ्यायला हवी होती." सायलेन्सरने त्याला काय सांगायचं ते सांगावं.

कलम ५. दोन शिवलेल्या बकेट सीट शेजारच्या शिंपीदादांना. (रद्द.) रद्द करण्याचं कारण असं, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते, असं वकीलबाई सांगतात. मला साक्षीदार हवा होता आणि शिंपीदादा समोरच बसले होते. त्या सीटची लाल कव्हरं त्यांनीच शिवली, आणि गाडीच्या आवाजाची लेखी तक्रारही त्यांनीच केली, दोन्ही एकाच आठवड्यात. ते म्हणाले, "मास्तर, सही करतो, पण सीटचं काय?" मी म्हटलं, "सही नाहीतर सीट." त्यांनी सीटच्या लाल कव्हरावरून एकदा हात फिरवला. मग पेन घेतलं. मैत्री काय असते ते मला तेव्हा कळलं.

कलम ६. गाडी. जपानी बनावटीची, दोन दारांची, सहा सिलिंडरांची, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची. उजवा दिवा बटण दाबताच उघडतो. डावा दोन सेकंद विचार करून उघडतो, त्यामुळे गाडी डोळा मारते असं वाटतं. सात वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या आवारात मी दुसऱ्याच कामाला गेलो असता तिने मला असा डोळा मारला. पुढचा सगळा इतिहास त्यातून निघाला. डावा दिवा कुणीही दुरुस्त करू नये.

गाडी कन्येला द्यावी. तिला गती आहे, दोन्ही अर्थांनी.

आता इतिहास. तीन वर्षं मी आणि वैद्य दर रविवारी गॅरेजात होतो. जपानहून सुटे भाग खोक्यांतून यायचे, सोबत जपानी लिपीतला कागद. जपानी दोघांनाही येत नव्हतं. तो चित्रांवरून अंदाज करायचा, मी अक्षरांच्या वळणावरून. एका कागदाचा अर्थ लावायला आम्हाला दोन रविवार लागले. मी त्यात 'वायू' आणि 'मार्ग' ओळखले, त्याने त्यावरून टर्बोची नळी उलटी बसवली. कन्येने फोन धरून भाषांतर केलं तेव्हा कळलं, की तो खोकं परत पाठवण्याचा पत्ता होता.

काम सगळं त्याचं. इंजिन त्याने खोललं, घासलं, बांधलं. गाडीची उंची उतरवली ती त्याने. रंगाचे सात हात दिले तेही त्यानेच. मी टॉर्च धरली. मग मॉडिफाइड गाड्यांचं प्रदर्शन ठरलं. तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, काचेवरच्या पट्टीत सगळे जपानी नाहीतर इंग्रजी लिहितात. आपण तुमचं काहीतरी लिहू. तुम्ही फक्त एक शब्द द्या."

तीन वर्षांत माझ्याकडे आलेलं हे एकमेव काम. मी चार दिवस घेतले आणि शब्द दिला, 'अनुत्तम'.

ज्यांचं संस्कृत राहून गेलं त्यांच्यासाठी सांगतो. 'न विद्यते उत्तमं यस्मात्', ज्याच्याहून उत्तम दुसरं काही नाही, ते अनुत्तम. बहुव्रीहि समास आहे. निर्दोष आहे. पुढच्या काचेवर ही अक्षरं वीतभर उंचीची होती.

प्रदर्शनात आमच्या शेजारी एक गाडी होती, तिच्या पोटाखाली जांभळे दिवे आणि डिकीत इतके स्पीकर, की इंजिनची चौकशी करणं बरं दिसलं नसतं. लाउडस्पीकरवरचा निवेदक तिच्यावर दहा मिनिटं बोलला. मग आमच्यापाशी आला. "आणि ही पुढची गाडी... अन्-उत्तम! उत्तम नाही म्हणे! मंडळी, मालक स्वतःच सांगतायत, मग आपण कशाला थांबायचं? चला पुढे!" लोक हसले. परीक्षकांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. त्यांच्या शेऱ्याच्या कागदावर एकच ओळ होती. 'प्रामाणिकपणा आवडला.'

हे मी आजही हसून सांगतो आणि ऐकणारेही हसतात. एक गोष्ट मात्र सांगत नाही. ती या कलमात लिहितो.

वैद्य त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वडिलांना घेऊन आला होता. आपला मुलगा आयुष्यभर लोकांच्या गाड्यांखाली पडून काय करत होता, ते वडिलांनी एकदा बघावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हाताऱ्यांनी चष्मा लावून पट्टी वाचली आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "अरे, वर तर लिहिलंय, चांगली नाही म्हणून."

त्या क्षणी मी काय केलं? मी त्यांना समास सोडवून दाखवला. बोटाने हवेत विग्रह लिहिला. ते मान डोलवत राहिले, शहाण्या माणसासमोर डोलवतात तशी. वैद्य म्हणाला, "मास्तर, तीन वर्षं माझी गेली त्यात. आणि तुम्ही काचेवर लिहिलंत, चांगली नाही." मी म्हटलं, "अरे, शब्द बरोबर आहे!" तो म्हणाला, "शब्द ठेवा तुमच्याजवळ. माझा दहाचा पाना तेवढा द्या." मी म्हटलं, "दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही." तो गेला. इंजिनचा टायमिंग बेल्ट बदलायचा राहिला होता, आणि त्याशिवाय गाडी चालवणं धोक्याचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही असं मी ठरवलं, म्हणून गाडी घोड्यांवर गेली. पुढच्या वर्षी त्याचे वडील वारले. मी भेटायला गेलो नाही. दारात उभं राहून म्हणायचं काय, याचा विग्रह मला करता येईना.

कलम ७. दहाचा पाना. दवाखान्यात नेण्याचे कपडे काढताना गेल्या आठवड्यात प्रदर्शनाचा कोट हाती लागला. आतला खिसा फाटला होता. पाना अस्तरात उतरला होता, चार वर्षं. हा पाना वैद्यचा आहे. हे मृत्युपत्रातलं दान समजू नये. ज्याची वस्तू त्याला परत करणं म्हणजे दान नव्हे. मी बाईंना दोनदा विचारून खात्री केली आहे.

दोनदा विचारण्यालाही कारण आहे. सहाव्या कलमाच्या पहिल्या खर्ड्यात मी गाडी वैद्यला दिली होती. मग शिंपीदादांच्या सीटची गोष्ट लक्षात आली. ज्याला काही मिळतं त्याला सही करता येत नाही. गाडी दिली असती, तर माझ्यामागे कुणीतरी किल्ली त्याच्या घरी पोहोचवली असती आणि काम झालं असतं. ज्याला काहीच मिळत नाही, त्याला मात्र सहीसाठी घरी यावं लागतं. गुरुवारच्या आत. म्हणून त्याचं नाव खोडलं. सौभाग्यवतींनी वाचून विचारलं, "अहो, सरळ फोन का नाही करत?" मी म्हटलं, "कायदेशीर कारण हवं." त्या म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं पोरांना शिकवलंत, आणि माफ कर म्हणायला वकील लागतो?" आणि चहा टाकायला गेल्या. निरोप कन्येने नेला आहे.

बाकी कोणाशी माझं काही राहिलेलं नाही. मेहुण्याशी आहे, पण ते सायलेन्सरवर भागेल.

स्थळ: राहत्या घराचं गॅरेज, गाडीच्या डाव्या दिव्याशेजारी.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार.

सही: मास्तर

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपीदादा. (सही केली. सही करताना सीटवर बसले होते.)

साक्षीदार दुसरा: ____________

ही जागा कोरी आहे. वकीलबाई म्हणतात, दुसरी सही झाली नाही तर हा सगळा कागद बाद. त्याची मला फिकीर नाही. झडपेचीही फारशी नाही, डॉक्टर चांगले आहेत. शब्द बरोबर होता आणि चूक माझी होती, हे त्याच्या तोंडावर एकदा म्हणायचं आहे. पाना पुसून टेबलावर ठेवला आहे. तो येणार नाही, याचीच मला भीती वाटते.