तिसऱ्या प्रकरणाबद्दल इंगरला

प्रिय धाकट्या इंगरला थोरल्या हुल्डाचा पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? आयडाहोतले बटाटे निघाले का? इकडे सॅनपीटच्या खोऱ्यात आमचं बरं चाललंय. मेंढ्या धडधाकट आहेत, कोंबड्या मात्र संपावर आहेत. तुझा मेहुणा ऑर्सन गेल्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. आजवर मी सांगायची आणि तो लिहायचा (आणि मधेच माझ्या नावावर स्वतःची मतं घुसडायचा, राजकारणावरचं सगळं त्याचंच होतं). आज लिहायला माझी आर्डिथ बसली आहे, कारण माझं मनगट मुरगळलंय. म्हणजे असं मी तिला सांगितलंय.

तुझी ही भाची आता सबंध खोऱ्यातल्या महिला मंडळांची अध्यक्ष आहे. कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाचा नवरा गेला, की हिची मोटार दारात उभी. मागच्या सीटवर कायम एक केक आणि एक झबलं असतं, म्हणजे प्रसंग कुठलाही निघाला तरी अडायला नको. स्वतः मात्र उभ्याउभ्याच जेवते. (ती म्हणते, हे कौतुक गाळू या. कौतुक कसलं, गाऱ्हाणं आहे. लिही.) त्यातून वेळ काढून तिने बायकांना धीर देणारं पुस्तक लिहिलं आणि त्याचं तिसरं प्रकरण माझ्यावर. हिवाळ्याची संध्याकाळ, चुलीजवळची खुर्ची, पाच पोरं, आणि त्यांना धर्मग्रंथ वाचून दाखवणारी आई. ते वाचून बायका रडतात म्हणे. ॲरिझोनाहून एक बाई नुसती ती खुर्ची बघायला आली आणि बसून मोडून गेली.

तर तीन आठवड्यांपूर्वी बिशप आला. आमचा बिशप म्हणजे तोच, गुरांचा डॉक्टर. म्हणाला, हुल्डाबाई, तुमच्याकडे एक काम आहे. आपल्या मॉर्मन लोकांची रीत तुला ठाऊक आहे, काम काय ते ऐकायच्या आधीच हो म्हणायचं. मी म्हटलं हो. मला वाटलं, फुलदाण्या भरायच्या असतील. तर म्हणे, या रविवारनंतरच्या तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये आर्डिथ बोलणार आहे, तिच्या आधी तुम्ही उभं राहून ते तिसरं प्रकरण वाचून दाखवायचं. आता दिलेला हो परत घेण्याची सोय आपल्या धर्मात कुठेच नाही.

मग मी चष्मा हरवला. मेंढ्यांच्या गोठ्यात, खताखाली, चांगला हातभर खोल. महिला मंडळाला कळलं तशा अकरा बाया प्रार्थना करून फावडी घेऊन आल्या आणि अर्ध्या तासात चष्मा काढून, उकळून, पुसून माझ्या नाकावर बसवून गेल्या. मग मी आजारी पडले. ती तर घोडचूकच झाली. दुपारपर्यंत घरात सात भांडी चीज घातलेले बटाटे आणि चार भांडी हिरवी जेली, आत किसलेलं गाजर. खाऊन खाऊन मी खरीच आजारी पडले. आणि भांडी परत करायची वेळ आली तेव्हा पंचाईत. प्रत्येकीने भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून आपलं नाव लिहिलेलं असतं ना. मी अंदाजाने वाटली. सगळी चुकली. त्या बायांतल्या नेड्राच्या घरी तिच्या सवतीसारख्या जावेचं भांडं गेलं, तिला वाटलं टोमणा आहे, आणि दोघींचं बोलणं बंद झालं. आर्डिथला दारोदार हिंडून ताटातूट झालेली भांडी जुळवावी लागली.

त्यावरून माझ्या लेकीने निष्कर्ष काढला की आईची स्मृती चालली. नाव समोर असून कळत नाही, चष्मा खतात ठेवते. सोमवारी ती मला शहरातल्या डॉक्टरकडे नेणार आहे. नंतर हे घर बंद करून मला आपल्या मागच्या खोलीत ठेवणार. काल ती मोटारीत बसून रडत होती, मी खिडकीतून पाहिलं. (पाहिलंच. लिही.)

म्हणून इंगर, तुला जे ठाऊक आहे तेच मी तुला सांगतेय, कारण लिहिणारीला ते ठाऊक नाही. बाबांनी तुला शाळेत घातलं आणि मला मेंढ्यांमागे. मला अक्षर ओळखता येत नाही, आजही नाही. तू मोठ्याने वाचायचीस ते मी पाठ केलं. पोरांसमोर ग्रंथ मांडीवर घेऊन तेच म्हणायची आणि सुमाराने पान उलटायची. ऑर्सनला माहीत होतं. पान फारच वेळ उलटलं नाही, की तो खोकायचा. आठवेनासं झालं की पदरचं घालायची. आर्डिथच्या पुस्तकात ते वाक्य आहे ना, बायकांनी उशांवर विणलेलं, "दमलेल्या बाईला देव आधी बस म्हणतो, मग काम सांगतो", ते कुठल्या अध्यायात आहे असं विचारणारी पत्रं तिला येतात आणि बिचारी चार वर्षं ग्रंथ चाळतेय. ते ग्रंथात नाही. त्या दिवशी बीट उपटून माझी कंबर गेली होती.

(लिही गं. थांबू नकोस.)

पुस्तकातलं खोटं माझं आहे, तिचं नाही, हे रविवारी मी उभी राहून सांगेन. त्यावर तिने बोलू नये, तिला लोकांत वावरायचं आहे. स्मृती माझी ठणठणीत आहे. मनगटही.

तुझी,
हुल्डा (फुली माझी, मीच काढली)

ता. क. पत्र इथे थांबलं होतं. आर्डिथ उठून अंगणात गेली आणि बराच वेळ कोंबड्यांकडे बघत उभी राहिली. मग आत येऊन खुर्चीवर बसली, उभी नाही. म्हणाली, प्रकरण मी वाचेन, तू शेजारी बस आणि मी कुठे चुकले ते सांग. डॉक्टर रद्द.

ता. क. दुसरा. आता खरं काम. (हेही लिही.) रात्री जेवताना तिने हळूच विचारलं, आई, त्यातलं अजून काय काय तुझं होतं? आता पन्नास वर्षांनी मला नक्की सांगता येईना. तर तू शनिवारच्या बसने ये, ग्रंथ घेऊन. मी म्हणत जाईन, तू पडताळत जा. देवाचं फारच कमी निघालं तर आर्डिथला लगेच सांगू नकोस, आधी तिला जेवू दे.