खिळ्यावरचा कोट

माय, तुझ्या मेसमधली ती एक भिंत मी इथं जर्मनीत पुन्हा उभी केली, हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तुला आठवत असेल, आकुर्डीच्या आपल्या दीड खोलीत तीन भिंती चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या आणि एक पांढरीशुभ्र. दिवाळी असो नसो, तू तेवढ्या भिंतीला चुना द्यायचीस. शेजारी खिळ्यावर आबांचा लग्नातला करडा कोट. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. तुझ्याकडं जेवणारी आपल्या मराठवाड्याकडची पोरं डोकं धुऊन, तेल चोपडून यायची आणि आळीपाळीनं तो कोट अंगात घालून भिंतीपुढं उभी राहायची. स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत मी कामाला होते. तिथला जुना कॅमेरा मी त्या दिवशी मागून आणायचे. फोटो गावाकडं जायचे, कुणाचे आईबापाला, कुणाचे स्थळासाठी. एक पोरगा तर आपला फोटो ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवून बसला आणि त्या दिवसापासून त्याचं जिन्यात तंबाखू थुंकणं बंद झालं. फोटोतला माणूस असं करत नाही, म्हणायचा.

आणि मग तो घोटाळा झाला. आपल्याच तालुक्यातल्या एका मुलीच्या बापाकडं दोन स्थळांचे फोटो गेले आणि दोघांच्या अंगात तोच कोट, तेच वरचं तुटकं बटण. म्हातारा जाब विचारायला थेट आकुर्डीत येऊन धडकला. दोन्ही पोरं मागच्या दारानं पसार, मी कॅमेरा पिठाच्या डब्यामागं लपवलेला. तू मात्र शांत. तू त्याला आधी पाट दिलास, दोन गरम भाकरी वाढल्यास, आणि त्याचा हात धुऊन होईपर्यंत थांबलीस. मग तो म्हणाला की ही सरळसरळ फसवणूक आहे. तू चुलीतली लाकडं पुढं सारता सारता म्हणालीस, "कोट त्याचा नसंल, पर उभा तर त्योच हाय न्हवं? तुमाला पोरगी कोटाला द्यायचीय का माणसाला?" म्हातारा बराच वेळ सुपारी कातरत बसला. शेवटी त्यानं दोन्ही पोरांना बोलावून घेतलं, कोटाशिवाय पाहिलं, आणि त्यातल्या एकाला मुलगी दिली.

तुझा मार मी कधी खाल्ला नाही, पण एकदा तू माझ्या लेन्सवर पिठाचा हात ठेवला होतास, तो मला माराहून जास्त लागला. पंगत बसली होती, दारातून ऊन आलेलं, एका पोराच्या तोंडाशी घास, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. "घास तोंडात असताना माणसाकडं बगू नये," तू म्हणालीस, "जेवल्यावर काढ, भरल्या पोटाचा." वर त्या पोरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्यास, जणू मी परक्या गावची कुणी नजर लावायला आले होते. मला राग आला होता. दृष्ट वगैरे मी तेव्हाही मानत नव्हते, आताही मानत नाही. पण जेवणारा माणूस बेसावध असतो आणि बेसावध माणसाचं काहीही करता येतं, हे मला पुढं कॅमेऱ्यानंच शिकवलं.

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर चाकणला येऊन राहिले. इथल्या एका गॅलरीला तिकडच्या कामगारांचे फोटो हवे होते. आपल्या आकुर्डीतली पोरं बदलली, ठिकाण चाकणकडं सरकलं, पण एका खोलीत सहाजण आणि शिफ्टप्रमाणे अंथरूण हे तसंच आहे. त्यातला एक आपल्याच भागातला निघाला, कंत्राटावर, गाड्यांच्या लाईनवर. दुसऱ्या शिफ्टला निघण्याआधी तो वर्तमानपत्र अंथरून जेवायला बसला, दारातून तसंच ऊन आलं, आणि माझा हात थांबला नाही. फोटो फार सुंदर आला, माय. हात धुऊन तो माझ्याजवळ आला. "ताई, त्यो फोटो तेवढा नगं. घरी सांगितलंय, कंपनीत टेबलावर जेवतो म्हणून. बहिणीचं लग्न जमायलंय." मी त्याला शब्द दिला. मग त्यानं मित्राचं जर्किन घातलं, आरशात पाहिलं, आणि मी त्याचा दुसरा फोटो काढला, भरल्या पोटाचा.

गॅलरी चालवणाऱ्या बाईंना नेमका पहिला, जेवतानाचा फोटो हवा होता. चुकून तोही मी बाकीच्या फोटोंबरोबर पाठवला होता. त्यांना तो भिंतभर मोठा करायचा होता, पोस्टरवर घ्यायचा होता. हेच तिथलं खरं आयुष्य, असं त्यांचं म्हणणं. जर्किनमधला फोटो त्यांना जाहिरातीसारखा वाटला. मी शब्द दिल्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, तो कुठं इतक्या लांब बघायला येणार आहे. त्यांना कोण सांगणार की गावातल्या प्रत्येक पोराच्या खिशात आता फोन आहे. तो फोटो नसेल तर प्रदर्शनाचा पुन्हा विचार करावा लागेल, हेही त्यांनी गोड आवाजात सांगितलं. हे प्रदर्शन मिळवायला केलेली माझी तीन वर्षांची मेहनत पणाला लागली होती. आणि गंमत बघ, माहितीपत्रकासाठी माझा स्वतःचा फोटो त्यांनी साडी नेसून आणि मोठं कुंकू लावून मागितला होता. मी वर्षानुवर्षं पँट घालणारी बाई. इथल्या एका भारतीय शेजारणीची साडी मागून आणली आणि उभी राहिले. तेव्हा कळलं, कोट हवासा वाटून आपण घालणं वेगळं आणि दुसऱ्यानं आपल्याला तो चढवणं वेगळं.

मी नाही म्हणाले. त्यांच्या समोर बसून फाईल पुसली, त्यांच्याकडचीही पुसायला लावली, आणि प्रदर्शन रद्द करायचं तर खुशाल करा म्हणाले. आवाज चढवला नाही. तू त्या म्हाताऱ्यापुढं जशी होतीस तशी राहायचं मी ठरवूनच गेले होते. आठवडाभर फोन नव्हता. मग फोन करून त्यांनी विचारलं की तो फोटो नाही तर त्याच्यासाठी ठेवलेल्या त्या मोठ्या भिंतीचं काय करायचं. मी म्हणाले, चुना द्या आणि बाजूला एक खिळा ठोका.

उद्घाटनाला लोक आले, जर्किनवाल्या पोरापुढं थांबले, मग कोऱ्या भिंतीकडं गोंधळून पाहत राहिले. खिळ्यावर करडा कोट होता आणि शेजारी त्याची गोष्ट सांगणारी पाटी. शेवटी एक तुर्की आजोबा पुढं झाले. तेही तरुणपणी इथं गाड्यांच्या कारखान्यात कामाला आलेले. त्यांनी कोट घातला, बटणं लावली, केसांवरून हात फिरवला. म्हणाले, असाच एक फोटो मीही आईला पाठवला होता, मागून आणलेल्या कोटात. मी त्यांचा फोटो काढला. त्यांच्यामागं रांग लागली आणि बाई कोपऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. मी त्यांच्याकडं पुन्हा वळून बघितलं नाही.

एवढंच सांगायचं होतं. हे कागद मी कुठं पाठवणार, माझ्याच कपाटात राहतील. एक मात्र बाईंना सांगितलेलं नाही. तो कोट माझ्या आईच्या मेसमधला, असं पाटीवर लिहिलंय. आबांचा कोट तर तू गेलीस त्या वर्षीच कुणीतरी स्वतःच्या लग्नाला नेला, तो परत आला नाही. हा मी इथल्या जुन्या बाजारात शोधला आणि वरचं बटण हातानं तोडलं. सगळे गेल्यावर तो घालून भिंतीपुढं मी स्वतःही उभी राहिले. कोट तुझा नव्हता, माय. पण उभी मीच होते.