बाबांची कडी, आईची सुकट

नांदगाव,
८ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वेश,

तुला आणि भार्गवीला आत्याचे अनेक आशीर्वाद. ते आधीच लिहून टाकते, कारण हे पत्र संपेपर्यंत आशीर्वाद द्यायची माझी इच्छा टिकेल असं वाटत नाही.

भार्गवीने पाठवलेलं खाजं पोचलं. आल्याचा वास अगदी जत्रेतल्यासारखा. माझा गुडघा बरा आहे. समोरच्या मळ्यातलं भात कापून झालं, आता दिवसभर गवताची धूळ उडते आणि मी शिंकते. बाकी सगळं ठीक. ठीक नाही ते पुढे लिहिते.

फोनवर का बोलले नाही म्हणशील. परवा बोललेच होते की! तू म्हणालास, "आत्या, पाहुणे फोटो काढूक येतत, इतिहास वाचूक नाय." त्यावर मी फोन ठेवला. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू उत्तरादाखल एक अंगठा पाठवला असतास. पत्राला अंगठा दाखवता येत नाही.

तुझ्या नव्या हॉटेलाचा व्हिडिओ मी पाहिला. टेम्पोवाला बाबली भाजी द्यायला आला होता, त्यालाही दाखवला. तो पाहतच राहिला. म्हणाला, "बाय, मालवणात रेल्वे इली? माका कोणी सांगूक नाय!" आली म्हटलं, तारकर्लीच्या माडांत आली, प्लायवूडची. तो इतका हसला की टोपलीतली तवशी खाली घरंगळली. मला मात्र हसू आलं नाही.

विश्वेश, मालवणला रेल्वे कधीच नव्हती. माझ्या लहानपणी तर सबंध जिल्ह्यात कुठे नव्हती. ज्यांनी जन्मात कधी वाफेच्या इंजिनाचा धूर खाल्ला नाही, त्यांना तू जुन्या रेल्वेची आठवण विकतो आहेस. ते एक वेळ चालेल. लोक काय वाटेल ते विकतात. पण त्या पिवळ्या पाटीवर तू नाव काय लिहिलंस? 'सावरघोळ जंक्शन'. जंक्शन! बाबा मास्तर होते त्या स्टेशनात दोन रूळ, बाजूला गाडी उभी करायला तिसरा, आणि चहूकडे घाटाचं जंगल. इतकंच होतं ते. खाली पुन्हा 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहिली आहेस. समोर लाटा फुटताहेत आणि माणसाने उंची वाचायची!

आणि तो भोंगा. संध्याकाळी पाहुणे चहाला बसले की तू स्पीकरवर रेल्वेची शिट्टी लावतोस. ती डिझेल इंजिनाची आहे. ती रेड्यासारखी हंबरते. आमच्या छोट्या गाडीची शिट्टी बारीक होती, शेवटाला किंचित थरथरायची, आणि ती दोनदा ऐकू यायची. एकदा गाडीची, एकदा दरीची.

ती गाडी तू पाहिली नाहीस. तू जन्माला आलास तेव्हा तिचे शेवटचे दिवस चालले होते. अरुंद रुळांवरची, डबे आटोपशीर. दोन बाकांच्या मधे इतकी कमी जागा की समोरच्या माणसाच्या गुडघ्याशी ओळख करून घेतल्याशिवाय बसताच येत नसे. सावरघोळला रस्ता नव्हता. जे यायचं ते गाडीने. भाजी, रॉकेल, टपाल, डॉक्टर. पावसाळ्यात सरपण ओलं असलं की ड्रायव्हर गणपतमामा इंजिनातलं कढत पाणी आईच्या बादलीत सोडायचे, वरून म्हणायचे, "वहिनी, आज सरकारी पाण्यान न्हावा!" मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात बोर्डर होते. सुट्टीहून परतले की सिस्टर बेनेडिक्टा पहिल्यांदा माझं डोकं नळाखाली धरायच्या. "सीता, केसांत अख्खं इंजिन घेऊन आलीस!" ते काळं पाणी मोरीतून वाहून जाताना मला रडू यायचं. वाटायचं, घर वाहून चाललंय.

नंतर सरकारने मार्ग रुंद केला, आणि आमचं स्टेशन नकाशातून उचलून टाकलं. कुणाला विचारलं? जे तिथे राहिले, त्यांच्यापैकी कुणालाही नाही.

असो. आता कडीबद्दल.

तू प्लास्टिकची रिंग ठेवली आहेस, भार्गवी लाल टोपी घालून ती दूर धरते, आणि पाहुणे डब्याच्या दारातून झेलतात. रील करतात. झेलली तर सोलकढी फुकट. बरोबर ना? आणि आता रीतसर उद्घाटनाला तुला आजोबांची खरी कडी हवी आहे, काचेच्या पेटीत लावायला. पेटीत दिवा लावणार आहेस म्हणे.

ती कडी काय होती ते तरी माहीत आहे का तुला? वेताचं हातभर रुंद कडं, त्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. दोन स्टेशनांच्या मधे एकच रूळ, म्हणून त्या वाटेसाठी एका वेळी यंत्रातून एकच गोळा निघायचा. ज्या ड्रायव्हरकडे गोळा, त्याचीच वाट. समोरून आलेल्या गाडीने आपला गोळा आणून दिला, तो यंत्रात गेला, की मगच दुसरा सुटणार. गोळा हातात नसेल तर गाडी हलवायची नाही. मग आत लाटसाहेब बसलेले असोत.

ही कडी माझ्याकडे आहे. तिच्यासाठी तू तीनदा फोन केलास. 'बघते' म्हणून मी तीनदा टाळलं. चौथ्या वेळी तू मला तिथे लावायच्या दगडी फलकाचा फोटो पाठवलास. तेव्हापासून मी नीट जेवलेले नाही.

"माझे आजोबा, सावरघोळचे स्टेशनमास्तर. भर पावसात, प्रवासी आरडाओरडा करत असताना, गोळा मिळाला नाही म्हणून त्यांनी गाडी सोडली नाही. थोड्याच वेळात समोरून ब्रेक ढिले झालेली मालगाडी आली. आजोबांच्या शिस्तीने शेकडो प्राण वाचले."

अक्षर सुरेख कोरलंय. आणि सगळं खरं आहे. एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच इतका राग आला. खोटं असतं तर दुरुस्त करता आलं असतं.

ही गोष्ट तुला काशिनाथने सांगितली असणार. माझा भाऊ, तुझा बाप. त्याला कुणी सांगितली? बाबांनी. काशिनाथ त्या वेळी अंगणात लंगडीही नीट घालू शकत नव्हता, त्या दिवशी तो पॉइंट्समन हरिश्चंद्राच्या बायकोकडे होता. मी मात्र त्या गाडीत होते.

आता लिहायलाच हवं. मघापासून शिट्ट्या आणि पाट्या काढत बसले आहे.

गणपतीला सिस्टरांनी मला चार दिवस सोडलं होतं. परत जायच्या सकाळी आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. आम्ही दोघी एकाच गाडीत चढलो. मी ट्रंक घेऊन शाळेला, ती बेळगावच्या इस्पितळात. बाबांनी तिला खिडकीशी बसवलं, पाठीला उशी दिली, आणि गोळा आणायला गेले. गोळा निघेना. वरच्या स्टेशनावरून मालगाडी सुटली होती, गोळा तिच्या ड्रायव्हरकडे, आणि मालगाडी पोचतच नव्हती. घाटात कुठे अडकली, दरड आली की काय, कुणालाच ठाऊक नाही.

आईने आधी पदर दातांत धरला. मग बाकाची दांडी धरून कण्हायला लागली. लोक उतरून बाबांभोवती जमले. हरिश्चंद्र म्हणाला, "मास्तरानू, मी लाल बावटो घेवन फुडे चलत जातंय. गाडी हळूहळू माझ्या मागसून येवंदेत." बाबांनी मान हलवली. नाही. मग आईने खिडकीतून हात बाहेर काढला. चारचौघांत तिने नवऱ्याला कधी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

"अवो, सोडा मां गाडी."

बाबा खिडकीपाशी आले. पावसात टोपी भिजून त्यांच्या कपाळावर रंग उतरला होता. ते एवढंच म्हणाले, "आनंदी, माझ्याकडे गोळो नाय गो."

डब्यात एक गोंयकार म्हातारी होती. तिने पुरुषांना खाली उतरवलं, चार बायकांना लुगडी धरायला लावली आणि मला म्हणाली, "चेडवा, तू थंय पळय," म्हणजे तिकडे बघ. मी तिकडे बघत राहिले. तिकडे बोगद्याचं तोंड होतं. पाठीमागे सगळं चाललं होतं, आणि मग काहीच ऐकू येईना. मूल रडलं नाही. मुलगी होती. म्हातारीने तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण केली आणि तिला माझ्या शाळेच्या टॉवेलात गुंडाळलं.

त्यानंतर बोगद्यातून मालगाडी आली. इंजिनाच्या चाकांतून ठिणग्या उडत होत्या, स्टेशन सोडून ती कितीतरी पुढे जाऊन थांबली. आमची गाडी निघाली असती तर त्या बोगद्यात आम्ही सगळे असतो. हे मला तेव्हाच कळलं. आईलाही कळलं. मालगाडीच्या ड्रायव्हरने जाता जाता कडी फेकली आणि बाबांनी ती झेलली. नेहमीसारखी, हात वर करून. तुझे पाहुणे झेलतात ना, अगदी तश्शी.

बाळाला स्टेशनामागच्या किंजळाच्या झाडाखाली पुरलं. बाबांना मुंबईहून मोठ्या साहेबांच्या सहीचं मानपत्र आलं. ते घ्यायला आई गेली नाही.

बाबा वाईट होते असं मी म्हणत नाही. माझ्यासाठी त्यांच्याइतका भला माणूस झाला नाही. आईनेही त्यांना कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दोष द्यायला जागाच नव्हती, विश्वेश, आणि हेच तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यात वाईट होतं. तू फलकावर जी शिस्त कोरलीस ना, तिच्यावर रागवायची सोयसुद्धा तिला नव्हती.

बाबा निवृत्त झाल्यावर आमचं घर वेंगुर्ल्याला आलं. निरोपसमारंभात स्टाफने बाबांना जुनी कडी भेट दिली होती. त्यांना ती बैठकीच्या खोलीत लावायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आईने ती पडवीच्या बाहेरच्या वाशाला टांगलेली, आणि तिच्यावर सूप ठेवून सुकट वाळत घातलेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, "बरी युक्ती केलंस गो, मांजराचो हात पोचाचो नाय." आई "होय तर" म्हणाली. बाबा पायरीवर उभं राहून बघत होते.  पण पुढे दर पावसाळ्यात, सर आली की आईच्या आधी तेच धावायचे, सुकटीसकट कडी आत आणायचे आणि ऊन पडलं की पुन्हा तिथेच टांगायचे. मरेपर्यंत.

बाबांनी काशिनाथला अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी आईने पडवीत टांगली होती. पण ती वाचायला तुम्हा कुणाला सवड होती?

बाबा गेल्यावर आईने एकदाच माझ्याकडे हट्ट केला. "माका एकदा त्या घाटातसून ने." मोठ्या रुंद गाडीने गेलो. सावरघोळच्या अलीकडचा धबधबा जवळ आला तसे सगळे प्रवासी मोबाईल घेऊन आमच्या खिडकीवर कोसळले. माणसांच्या काखांतून काय दिसणार? मी धक्के देत होते, ओरडत होते, अहो जरा सरा, म्हाताऱ्या माणसाला बघू द्या. कुणी ऐकलं नाही. गाडीने तर वेगही कमी केला नाही. आई बराच वेळ कान देऊन बसली. मग हळूच म्हणाली, "सावरघोळ गेला काय गो?"

"गेलं, आई."

तिने पदर सारखा केला आणि डबा उघडून मला घावन दिलं. त्या झाडापाशी आता कुणालाही जाता येत नाही. रस्ता तेव्हाही नव्हता, आता स्टेशनही नाही. आणि ते नाव तू पिवळ्या रंगात रंगवून सोलकढीच्या शेजारी उभं केलंस.

हे वाचून तुला वाईट वाटेल, तू पाटी उतरवशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू काशिनाथचाच मुलगा. आधी मलाही तेच हवं होतं. काल रात्रीपर्यंत 'ती पाटी काढ नाहीतर मला आत्या म्हणू नकोस' असंच मी मनात घोळवत होते. आज लिहिता लिहिता वाटलं, ते नाव आता दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. राहू दे. फक्त 'जंक्शन' खोड. ती हंबरणारी शिट्टी बंद कर. त्यापेक्षा समुद्र ऐकू दे लोकांना.

आणि फलकावर एक ओळ वाढव. 'त्या गाडीत त्यांची बायको आनंदीबाई बाळंत होत होती.' तेवढीच. पुढचं काही लिहू नकोस. पाहुणे इतिहास वाचायला येत नाहीत म्हणतोस ना? कोर, आणि बघ कोण कोण वाचता वाचता थांबतं.

उद्घाटनाला मी येईन. तू म्हणतोस तसा हिरवा बावटा दाखवणार नाही, एका बाजूला खुर्ची ठेव.

कडी बाबलीच्या टेम्पोतून पाठवते आहे. काचेच्या पेटीत बंद करू नकोस, उघड्यावर टांग. तिला सुकटीचा वास येईल. तो अजून गेलेला नाही. कुणी कितीही नाक मुरडलं तरी धुऊ नकोस.

तुझ्या दोन आत्यांपैकी थोरली,
सीता