मांडव तुमचा, मेख आमची

तात्या, आज दुपारपासून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोडते आहे. मुद्दाम. एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसच्या खिडकीबाहेर दुधाचा टँकर धुतला जातोय आणि मी इथे एक टूल अर्ध्यावर पाडून बघते आहे, पडल्यावर ते आपला पसारा नीट आवरतं का. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "तुला उभं करायला ठिवलीय का पाडायला?"

तुम्हाला कळेल असं सांगते. एका डेअरीच्या सगळ्या नोंदी बारामतीच्या मोठ्या मशीनवर असतात. तिथे नोंद पडली की इंदापूरच्या केंद्रावरच्या प्रतीतही ती आपोआप उमटते. अशी आणखी एक प्रत उभी करायची तर आमचं टूल मोठ्या मशीनवर दोन गोष्टी रोवतं: कोणत्या नोंदी पाठवायच्या त्याची यादी, आणि नवी प्रत कुठपर्यंत वाचून झाली त्याची खूण. मध्येच काही बिघडलं तर रोवलेलं उपटून जागा होती तशी करायची, हेही त्याचंच काम. मागच्या आठवड्यात ते मध्येच बिघडलं आणि त्यानं जरा जास्तच आवरलं. हव्या त्या नावाची यादी तिथे आधीच होती, इंदापूरची. टूलनं तीच वापरली आणि जाताना आपलीच समजून काढून टाकली. आमच्यातल्या एकानं घाईघाईत ती परत बनवली, तर त्यात एक तक्ता घालायचा राहिला. लगेच इंदापूरच्या कारकुनाचा फोन. "मॅडम, लिटर दिसत्यात, फॅट दिसंना. लोक दारात हाईत. म्या काय पाण्याची पावती फाडू व्हय?"

मला पणदऱ्याचा मांडव आठवला. मी सातवीत असेन. शेळगावहून ट्रॉलीत मांडवाचं सामान भरून आपण गेलेलो, लग्न दुसऱ्या दिवशी. मांडव अर्धा उभा आहे आणि वावटळ येते. कापड फाटतं, बांबू कलंडतात. "सोडा दोऱ्या, काढा मेखा!" ओरडत तुम्ही स्वतःच दिसेल ती मेख उपटत सुटता. वारा पडतो तेव्हा मेखा ट्रॉलीत असतात आणि घरमालकाची म्हैस शेजाऱ्याच्या उसात. नवरीची चुलती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ मांडववालं, मांडव तुमचा, मेख आमची! आता म्हस काय तुमच्या मिशीला बांधू?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. म्हैस तुम्हीच धरून आणलीत, मेखही तुम्हीच परत ठोकलीत. पण म्हैस तिथे उभी राहीना. दाव्याला हिसके देत राहिली. जुनी जागा वीतभर अलीकडे होती, तिथून तिचं तोंड गव्हाणीला पुरायचं. परत ठोकलेली मेख म्हणजे होती ती मेख नव्हे. इंदापूरला फॅट का दिसेना हे शोधताना मी त्या वीतभर जागेपाशीच पुन्हा येत होते.

घरी आल्यावर तुम्ही ट्रॉली रंगवून उरलेला लाल रंग काढलात आणि मला मेखांची डोकी रंगवायला बसवलंत. लालच का, विचारलं तर म्हणालात, "हाय तेवढाच हाय." मग जरा थांबून, "लाल आसंल ती आपली. लाल न्हाय तिला हात न्हाय लावायचा." आई चुलीपुढून म्हणाली, "तुमचं बी डोकं घ्या रंगवून, उगं कुणी उपटून न्यायचं."

टूलला मी आता तेच शिकवलंय. स्वतः काही रोवलं की लगेच त्यावर आपली निशाणी. आधीचं वापरलं तर निशाणी नाही. पडल्यावर निशाणीचं तेवढंच काढायचं. आणि मशीनशी संपर्कच तुटला तर गुपचूप निघून जायचं नाही, काय मागे राहिलं ते मोठ्यानं सांगायचं. नाहीतर मशीनला वाटतं, कुणीतरी अजून वाचायचं राहिलंय. मग ते जुनं काहीच टाकून देत नाही आणि भरत भरत एक दिवस बंद पडतं. आपली मेख मागे राहिली म्हणून तुम्ही सायकलवरून परत जायचात, कुणाच्या पायात येईल म्हणून.

उद्या सकाळचं संकलन उरकलं की पुन्हा प्रयत्न. कारकुनानं बजावलंय, "फॅट परत गेलं तर लोकांस्नी तुमचाच नंबर देतू, मॅडम." मी संपर्क तोडते, मशीन मध्येच बंद करते, आधीची यादी तिथे ठेवून बघते. दर वेळी टूल बरोबर तेवढंच उचलतं. तरी मला बसवत नाही. उठते, पाणी पिते, पाडायला आणखी एक जागा शोधते. म्हशीची मेख उपटताना तुमच्या हातालाही ती वेगळी लागली नव्हती ना? हेच मला बसू देत नाही.

हे मी त्याच चाचण्यांच्या फोल्डरमध्ये लिहिते आहे. टूलनं कितीही आवरलं तरी याला हात लावणार नाही, यावर त्याची निशाणी नाही. इथेच राहील, जाणार कुठे.

एक सांगायचं राहिलं. त्या निशाणीला मी कोडमध्ये 'लाल' नाव दिलंय. शेजारच्या टेबलावरची सहकारी मघाशी म्हणाली, "लाल काय, मॅडम? नीट अर्थाचं काहीतरी द्या ना." मी म्हणाले, धोक्याचा रंग आहे, लक्षात राहतो. तिला ते लगेच पटलं. ट्रॉलीचा उरलेला रंग होता, हे सांगायला तोंड उघडलं होतं मी, तात्या. आणि चहा मागवला.