डावखुऱ्या गाठी

ती. आईस,

आमच्या संग्रहालयाच्या गोदामात दुरुस्तीला घेतलेलं ते शिकाऊ वैमानिकांचं जुनं विमान कोणतं, हे आज कळलं. शेपटीवरचे रंगाचे थर खरवडल्यावर खाली नंबर निघाला. बाबा ज्यात गेले, तेच हे विमान.

पंखांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड अजून तेव्हाचंच आहे. ते तू शिवलंस, कारण सगळ्या गाठी डावखुऱ्या आहेत आणि कारखान्यात डावखुरी तू एकटीच होतीस. मी एकेक गाठ भिंगातून पाहत होतो, तर साहेब म्हणाले, "अहो, विमान बघताय की शिंप्याच्या चुका काढताय?"

शिवण उसवल्यामुळे अपघात झाला, असं तेव्हा सगळे म्हणाले. तू काम सोडलंस. पुढे साधं बटण लावायलाही मावशीला बोलवायचीस.

एकही गाठ सुटलेली नाही. कापड फाटलंय ते झाडावर आपटून, शिवणीपासून हातभर लांब.

हे पत्र पाठवत नाही. वाचलंस तर म्हणशील, पोरगा समजूत घालतोय. रविवारी तुला इथे आणतो. नवं कापड चढवायचं तोवर थांबवलंय. तू स्वतः बोट फिरवून बघ.

तुझा,
धाकटा