पाजलेलं पाणी
मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी कामावर, लस केंद्राच्या शेडमध्ये गेल्या गेल्या त्या तांबड्या कोंबडीची चोच वाटीत धरून तिला पाणी पाजलं. मानमोडी रोगावरची नवी लस तपासायची म्हणून सगळ्या कोंबड्यांना रोग दिलेला. तुलनेसाठी हिला लस टोचलेली नव्हती, म्हणून हिची मान पिळवटली. तहानलेल्याला पाणी द्यावं, एवढंच लहानपणापासून शिकलो.

नंतर डॉक्टर मॅडम आल्या. नियम असा, की कोंबडी स्वतःहून पाणी पिईनाशी झाली की मरणाची सुई देऊन तिला सोडवायचं. वाटी अर्धी पाहून त्या म्हणाल्या, "पितेय ना? मग राहू द्या." मी गप्प का बसलो? दिवसभर ती मान पिळत राहिली आणि मी चिडत राहिलो. मॅडमवर, नियमावर, माझ्या पुण्यकर्मावर.

आमच्याकडे कामाला असलेला धडगावचा रायसिंग शेड झाडता झाडता म्हणाला, "नाना, आम्ही देवाला कोंबडा देतो तो एका घावात. तुम्ही तर पाणी पाजून पाजून मारताय!"

लस चांगली निघाली तर गावोगावच्या कोंबड्या वाचतील, हे पटतं. पण हिचं काय?

शेवटी मॅडमना फोन केला. "ती पीत नाही, मीच पाजलं." खूप बोलल्या, पण आल्या. सुई देईपर्यंत कोंबडी मीच मांडीवर धरली.